तुमच्या ताईची डावी दाढ

प्रिय मेहुणेबुवा यांस,

तुमच्या ताईच्या नवऱ्याचा मनापासून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? जिना चढताना कुरकुरतो असं मागच्या पत्रात लिहिलं होतंत. त्याला शेक द्या आणि त्याच्याशी फार वाद घालू नका. छापखाना मुलाच्या हाती सोपवलात हे उत्तम केलंत, पण दिवसातून दोनदा तिथे जाऊन त्याच्या चुका काढणं आता थांबवा, असं तुमच्या ताईचं म्हणणं आहे. (माझं म्हणणं, खुशाल काढा. चुकाही काढायच्या नाहीत तर म्हातारपण हवंय कशाला?) इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. म्हणजे मी नाही, पण ते पुढे येईलच. तुमच्या ताईची तब्येत मात्र ठणठणीत आहे, आणि हे पत्र लिहायचं कारणही तेच आहे.

तुम्हाला तुमच्या गावचा तो दातवाला आठवत असेलच. आमचं लग्न ठरण्याआधी सहा महिने ज्याचं स्थळ तुमच्या ताईला सांगून आलं होतं, आणि मग कशावरून तरी बारगळलं, तोच. त्याच दिवसांत त्याने तिच्या डाव्या बाजूच्या किडलेल्या दाढेत चांदी भरून दिली होती. हे सगळं मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे आणि एक्केचाळीस वर्षांत मी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. (तुमच्या धाकट्या भावाच्या लग्नात काढला होता, पण तेव्हा पंगतीत मला डाव्या हाताला बसवलं होतं आणि मी आधीच वैतागलेलो होतो.) माणसाचं मन मोठं असावं. बायकोच्या तोंडात दुसऱ्या पुरुषाच्या हातचं काम आहे, ते रोज तीन वेळा आपल्या घरचं अन्न चावतंय, आणि आपण समोर बसून ‘वाढ’ म्हणतोय, याला मन किती मोठं लागतं ते तुम्हीच ठरवा.

पण दोन महिन्यांपूर्वी काय झालं, सकाळी चहा घेताना ताई पेपर वाचत होती. वाचता वाचता थांबली, पेपर जरा लांब धरला आणि म्हणाली, ‘अगंबाई, डोक्यावरचे केस अजून सगळे आहेत की!’ मी चष्मा लावून पाहिलं तर तो दातवाला. पाव पानभर फोटो. त्याचा कसला तरी सत्कार झाला होता, आणि शेजारी त्याची मुलाखत. विषय हा की दाढेत भरतात त्या चांदीत जवळजवळ निम्मा पारा असतो, तो शरीराला बरा की वाईट. यावर बऱ्याच देशांत वाद चालला आहे, काही ठिकाणी ती भरणं बंदही केलंय. तर हा गृहस्थ म्हणतो, घाबरायचं कारण नाही, ‘चाळीस वर्षांपूर्वी मी भरलेल्या दाढा आजही शाबूत आहेत.’

आजही शाबूत आहेत! मेहुणेबुवा, तुम्ही छापखानावाले, शब्दांच्या धंद्यातले. तुम्हीच सांगा, हे वाक्य माणूस चार लाख वाचकांसाठी बोलतो का एकीसाठी? याला कसं कळलं शाबूत आहेत म्हणून? कोणी कळवलं? मी तेव्हाच चहा अर्धा टाकून उठलो आणि त्या क्षणापासून पाऱ्याच्या विरुद्ध झालो.

तुम्हाला माहीतच आहे, माझं शिक्षण बेताचं, पण शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं बरण्या पुसता पुसता बरण्यांवरचं आणि पुस्तकांतलं मी सगळं वाचून काढलंय. आता वाचनालयात बसून दाढेतल्या पाऱ्यावर मिळेल ते वाचलं. कात्रणांची एक फाईलच केली. चावताना त्यातून वाफ निघते (किती, तर फारच थोडी, पण निघते हे महत्त्वाचं), गरोदर बायकांना आणि लहान मुलांना हल्ली ती भरत नाहीत (तुमची ताई यातली कोणीच नाही, हे तिने ताबडतोब सांगितलं), वगैरे. दुसऱ्या बाजूचंही पुष्कळ छापून आलंय, पण ती कात्रणं मी केली नाहीत. वाचनालयाची कात्री बोथट आहे. मग मी रोज जेवताना एकेक मुद्दा काढू लागलो. सकाळी उठल्या उठल्या ‘दाढ कशी आहे?’ विचारू लागलो. तिला गरम चावताना वाफ नको म्हणून चहाही मीच करून, निववून देऊ लागलो. तिने काय म्हणावं? ‘शाळेत थर्मामीटर फुटला की सांडलेला पारा तुम्ही पुठ्ठ्यावर गोळा करायचात, तळहातावर खेळवायचात आणि मग तसेच डबा खायला बसायचात. तेव्हा कुठे गेला होता हो तुमचा धोका?’ शाळेचा पारा वेगळा. त्याच्यावर कोणाची मालकी नव्हती.

शेवटी मागच्या आठवड्यात तिला नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंच. मला दाताच्या दवाखान्याचा सराव नाही. उभ्या आयुष्यात एकदाच गेलो होतो, लग्नानंतर लवकरच केव्हातरी, आणि आतलं ते यंत्र घूं करायला लागताच बाहेरच्या बाकावर आडवा झालो होतो. डोळे उघडले तेव्हा कपाळावर ओला रुमाल होता. कशासाठी गेलो होतो तेही आता आठवत नाही. म्हणून या वेळी दाराजवळच्या खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून बसलो. डॉक्टरीणबाईंनी ताईच्या तोंडात दिवा टाकला, आरसा घातला, आणि एकदम म्हणाल्या, ‘अहो, ही चांदी कोणी भरली? काय सुरेख काम आहे! असा हात आता बघायला मिळत नाही.’

मी वळून पाहिलं. तुमची ताई त्या खुर्चीत आडवी, गळ्याला कागदी रुमाल, तोंडात आरसा. तशाही अवस्थेत तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. मेहुणेबुवा, एक्केचाळीस वर्षांत अशी हसताना मी तिला दोनदा-तीनदाच पाहिलं असेल, आणि त्यातलं एकही हसू माझ्या हातच्या कामासाठी नव्हतं. (मी ठोकलेली लाकडी मांडणी अजून डावीकडे कलते, ते असो.)

मी फाईल पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी सगळी कात्रणं चाळली, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘काका, नव्याने भरायची वेळ आली तर पांढरं भरू. पण ही पक्की बसलेली आहे. उकरून काढताना जेवढी वाफ निघेल तेवढी नुसती ठेवून निघायची नाही. आहे तशी सुखाने राहू द्या.’ सुखाने! माझ्या घरात तो दातवाला सुखाने राहणार, आणि तेही शास्त्राच्या पाठिंब्याने. घरी येताना ताई सबंध रस्ताभर गुणगुणत होती. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. ती डाव्या बाजूने चावते की उजव्या, याच्याकडेच लक्ष असतं. डावीकडेच चावते.

तर आता तुमच्यावर भिस्त आहे. ताई जगात तुमचं एकट्याचं ऐकते. तुम्ही तिला एक पत्र लिहा की तुम्ही तुमच्या दाढेतली चांदी काढून टाकलीत आणि तेव्हापासून गुडघ्याला उतार आहे. यात खोटं बोलल्यासारखं वाटत असेल तर आधी गुडघ्याला शेक देऊन उतार पाडून घ्या. माझा यात काही स्वार्थ नाही, निव्वळ तिच्या प्रकृतीची काळजी आहे. घरच्या सर्वांना आशीर्वाद, तुमच्या मंडळींना नमस्कार.

तुमचा,
ताईचा नवरा (एकमेव)

ता. क. प्रकृतीचं वर लिहिलंच आहे. खरं विचारायचं ते असं, की त्या एका दाढेसाठी ती त्याच्याकडे चार वेळा गेली होती. सोबतीला तुम्ही असायचात. एका दाढेला चार खेपा कशाला? आणि ती आत असताना दार उघडं असायचं की बंद? उत्तर घरी नको, वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवा. बाहेर ‘गुडघ्याविषयी’ असं लिहा.

ता. क. दुसरा. भाऊ, ही मी लिहितेय, ताई. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, तेव्हा वाचलंच. पहिल्या तीन खेपांना मी भीतीने तोंडच उघडलं नव्हतं, म्हणून चार. शेवटी त्याने कशीबशी चांदी भरली, ती लग्नानंतर आठ महिन्यांत निखळून घासाबरोबर पोटात गेली, आणि मी अजून आहे. मग यांनीच मला सायकलवर डबलसीट बसवून इथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं, ‘मी आहे ना’ म्हणाले, आणि आत मी खुर्चीत बसून यंत्र सुरू होतंय तोच हे बाहेर घेरी येऊन पडले. डॉक्टरांनी आधी यांच्या कपाळावर रुमाल ठेवला आणि मग माझी दाढ भरली. तीच ही. दवाखान्यात मला तेच आठवून हसू आलं. आधी का सांगितलं नाही म्हणशील, तर दोन महिने सकाळचा चहा आयता मिळत होता.

ता. क. तिसरा. पाकीट टपालात टाकण्याआधी उघडून पाहिलं. वरचं पत्र रद्द समजावं. दुसऱ्या बाजूची कात्रणंही नीट वाचली असता दाढेत पक्का बसलेला पारा तसा निरुपद्रवी असतो असं माझं मत झालं आहे, आणि ती दाढ फार सुरेख आहे. चहा मी चालू ठेवला आहे. तुम्ही गुडघ्याला जपा.

दार उघडं असायचं की बंद, तेवढं मात्र कळवाच.