कर्दनकाळ आणि मावशीची डुकरीण

२ ऑक्टोबर १८११. केंटकीचे डोंगर.
बंदूक मिळाली! म्हाताऱ्या योहान लोहाराने दस्ता माझ्याच खांद्याच्या मापाने घडवलाय. बदल्यात अख्खा हिवाळा त्याचा भाता ओढला (मधे पळून गेलो ते आठवडे सोडून). इथे बंदुकीला नाव असतंच. माझीचं: कर्दनकाळ.
ठराव: अस्वल मारणे. त्याने हेप्सी मावशीच्या दोन डुकरिणी फाडल्या. उरलेली एक वसंतात विणार. मावशी म्हणाली, "ही गेली तर मेल्या, तूही चालता हो. फुकट्याला घालायला माझ्याकडे काही उरायचं नाही."

३ ऑक्टोबर. सकाळी.
चाचणी. खोडावर कोळशाने अस्वलाचं तोंड काढलं. हुबेहूब. मावशीला ते पाद्री वाटले.
चाप ओढला. गारगोटी घासली, रंजक (बार पेटवायची चिमूटभर दारू) नाकासमोर भप्पकन पेटली, आणि क्षणभर सगळीकडे अंधार झाला. उजाडलं तेव्हा खोड शाबूत, मावशीचा कोंबडा ठार. तो पार डावीकडे होता. म्हणजे बंदुकीत ताकद आहे.
योहान म्हणाला, नळी सरळ आहे, तू डोळे मिटतोस. साफ खोटं. डोळे उघडेच होते, मी स्वतः पाहिलंय.

६ ऑक्टोबर.
सराव राहिला. मधाचं पोळं शोधत होतो. मधमाश्यांना मी आधी सापडलो.

८ ऑक्टोबर.
शेजारचा जबेझ बघायला आला. पुन्हा अंधार. दारूच भिकार. जबेझ म्हणाला, "अस्वलाला सांग, बाबा, याच्या बरोब्बर समोर उभा राहा. तेवढीच एक जागा सुरक्षित आहे."
ठोसा मारला. त्याने माझा कान चावला. कानाचा वरचा तुकडा गेला, पण त्याचा दात माझ्याकडेच अडकून राहिला. म्हणजे जिंकलो मीच. मावशीने जखमेवर टर्पेंटाइन ओतलं. थोडं जास्तच ओतलं.

११ ऑक्टोबर. पहाटे.
चिखलात ताजे पंजे. आज येणार. नवी गारगोटी, कोरडी रंजक. ठराव: जे डोळे मी मिटतच नाही, ते न मिटणे.

त्याच दिवशी, दुपारी.
आलं. कुंपण मोडून आत. डुकरीण पळाली नाही, उलट अंगावर गेली. त्याचं नाक फाडलं. काय जनावर! मी चाप ओढला.
अंधार.
उजाडलं तेव्हा डुकरीण पाय झाडत होती. मानेत भोक, रक्ताची चिळकांडी. अस्वल माझ्याकडे बघत होतं. कौतुकानेच. मग धावून आलं. मी बंदूक नीट खाली ठेवली (टाकली नाही) आणि मक्याच्या कोठारावर चढलो. ते माझी विजार फाडत असताना मावशीने बंदूक उचलली, दारू ओतली, गोळी ठोकली, रंजक भरली. मला वाटलं, स्वयंपाक करतेय. बार निघाला. अस्वलाचा डोळा फुटून मागे मेंदू उडाला. मावशीची पापणीसुद्धा लवली नाही. हे मात्र मी पाहिलं.
डुकरिणीजवळ ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "आता वसंतात कोण विणार? तू?"

१२ ऑक्टोबर. वाटेवर.
बंदूक डुकरिणीच्या बदल्यात मावशीकडे राहिली. मला तिच्याच मांडीचा खारवलेला तुकडा. डुकरिणीच्या. कर्दनकाळ उत्तम आहे हे सिद्ध झालं, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. आता पश्चिमेला जावं. तिकडे अनुभवी शिकारी लागतात.
वळणावर मागे पाहिलं. मावशी दारात, बंदूक माझ्यावर रोखलेली. रिकामी होती. घोडा नुसता खट्‌ वाजला.
तरी क्षणभर सगळीकडे अंधार झाला.