संत आगाताची उजवी बाजू

प्रिय व्हेनेरा,

डोंगराने परवापासून नुसती राख ओतली आहे. काल बाल्कनी झाडायला घेतली, तर खालून तुझे बाबा ओरडले, "सारिना, माझ्या डोक्यावर आणखी एक ज्वालामुखी उपडा करू नकोस, आहे तो पुरे आहे!" म्हणजे ते ठीक आहेत. गुडघा कुरकुरतो, पण बस चालवायची नाही म्हटल्यावर गुडघ्याला कुरकुरायला सवड मिळाली, असं मी त्यांना सांगते. मँडरिन यंदा गोड आहेत. सालीसकट मुरंबा केलाय, तुला आवडतो तसा कडवट.

गावातली मोठी बातमी म्हणजे आपलं आगाताचं चित्र परत आलं. वर्षभर कातानियाला होतं, मेणबत्त्यांचा धूर आणि ओल काढायला. रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर ते वेदीवर चढवलं आणि सगळं देऊळ बघायला पुढे लोटलं. इतके रंग त्याखाली होते हे आम्ही विसरूनच गेलो होतो. तुझे बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझा हात धरला, चारचौघांत, या वयात. तेव्हाच ठरवलं की तुला लिहायचं. फोनवर मला जमत नाही. तू "बरं, आई, बरं" म्हणतेस आणि मी मुरंब्याकडे वळते.

त्या चित्राची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. ज्यांनी ते काढलं ते मास्तर लिबोरिओ तुला अंधुक आठवत असतील. उंच, वाकलेले, खिशात कायम कोळशाची कांडी. कातानियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर डॉक्टरांच्या पुस्तकांसाठी शरीरं काढली होती, म्हणून गाव त्यांना 'हाडांचे मास्तर' म्हणे. नोकरी सोडून ते बहिणीकडे, एर्सिलियाकडे, राहायला आले आणि देवाधर्माची चित्रं काढू लागले. पण सवय कुठे जाते? ते आधी संताचा सांगाडा काढत, मग त्यावर स्नायू चढवत, मग कातडी, आणि अगदी शेवटी कपडे. बायका म्हणत, "हा चित्रकार कसला, उलटा खाटीक आहे! खाटीक सोलतो आणि हा परत चढवतो." मास्तरांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांना एवढा आनंद झाला की ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले.

तू पाच वर्षांची असताना माझं ऑपरेशन झालं. तेव्हा तुला मावशीकडे समुद्रावर ठेवलं होतं. काय झालं होतं ते तुला मोठेपणी कळलं, पण आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. तेव्हा कुणीच बोलत नसे. 'तो आजार' म्हणायचं आणि क्रुसाची खूण करायची. उजवी बाजू त्यांनी सगळी काढली होती, आतल्या स्नायूसकट, त्या काळी तसंच करत. त्या फेब्रुवारीत आगाताचा सण आला. शेजारची रोझालिया नेहमीच्या सवयीने बशी घेऊन आली, पांढरीशुभ्र गोल मिठाई, वर लाल चेरी, छळात कापलेल्या आगाताच्या स्तनांची म्हणून जोडीने देतात ती. दारात आल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती बिचारी बशी हातात धरून रडायलाच लागली. तुझ्या आजीने, डोना पिप्पिनाने, तिच्या हातातून बशी घेतली, दोन्ही मिठाया तिथेच उभ्याउभ्या खाल्ल्या आणि म्हणाली, "साखर कमी पडली. आता घरी जा."

मी त्या दिवसांत अंधारात कपडे बदलत असे. तुझे बाबा खोलीत आले की मी पाठ फिरवायची. त्यांनी कधी आग्रह केला नाही. आग्रह केला नाही म्हणून मला वाटायचं, त्यांना नकोच आहे बघायला. आणि मी पाठ फिरवते म्हणून त्यांना वाटायचं, हिला मी जवळ नको आहे. एका पलंगावर दोघं असे झोपायचो, जणू मधे कुणी तिसरं आजारी माणूस निजलंय.

भूकंपात वेदीवरचं जुनं चित्र फाटलं होतं, तेव्हा फादर कालोजेरोंनी नवं काढायला मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी माझ्याकडून एक ढगळ झगा शिवून घेतला, नमुन्याला. तो द्यायला मी गेले. एर्सिलिया खिडकीत विणत बसली होती. झगा खुंटीवर अडकवायला मी हात वर केला आणि तो नेहमीसारखा खांद्याशी अडला. मास्तरांनी ते पाहिलं. म्हणाले, "उजवी बाजू? स्नायूही काढला?" सरळ, जसं कुणी विचारतं की पाव कुठून आणलास. इतक्या महिन्यांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी खुर्चीत बसले आणि "हो" म्हणाले. मला वाटलं होतं मी रडेन, पण मला एकदम भूक लागली. एर्सिलियाने पाव आणि जैतून पुढे ठेवले, ते मी खाल्ले आणि मास्तर कागदावर माझी छाती काढत बसले. बरगड्या, त्यावर पंख्यासारखा पसरलेला स्नायू. म्हणाले, "हा गेला. पण याच्या मागचा हा पाठीचा बघ, हा गडी कष्टाळू आहे. याला काम शिकवलं तर हात वर जाईल." मला भिंतीशी उभं केलं आणि बोटांनी कोळ्यासारखं भिंतीवर चढायला लावलं. रोज चढायचं, काल पोचलीस त्याच्या जरा वर. तू विचारायचीस, आई भिंतीवर काय शोधते? तेच ते.

एकदा त्यांनी कोळसा खाली ठेवला आणि म्हणाले, "सारिना, आजवर सगळ्यांनी आगाता काढली ती तबकात मिठाई घेऊन मिरवणारी. अंगावर ओरखडा नाही. मला तुरुंगातली सकाळ काढायची आहे. संत पेत्र रात्री येऊन तिला बरं करून गेलाय आणि जखम भरली आहे. भरलेली जखम कशी दिसते ते मला कल्पनेने काढायचं नाही. तू नाही म्हणालीस तर मी डावीकडून काढेन, सगळं कापडाखाली झाकून, आणि आपण परत हा विषय काढणार नाही." मी पुढच्या आठवड्यात गेले आणि एर्सिलियाला म्हटलं, "खिडकी लावून घे." बटणं एर्सिलियाने काढली, माझी बोटं चालत नव्हती. मास्तर बघत होते ते कसं सांगू? कंटाळून नाही, कीव करून तर नाहीच. आपण कापड उजेडात धरून वीण बघतो ना, तसं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चांगलं शिवलंय. ज्याने शिवलं त्याने घाई केली नाही." मी शिवणकाम करणारी बाई, व्हेनेरा. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा आरशात पाहिलं, टाके कसे घातलेत ते बघायला म्हणून.

चेहरा त्यांनी माझा घेतला नाही. तो त्यांच्या एका विद्यार्थिनीचा आहे. पण गळ्यापासून खाली ती मी आहे. डाव्या हाताने झगा धरलेला, उजवा हात अर्ध्यावर उचललेला. तू पहिल्या कम्युनियनच्या दिवशी त्या चित्राखाली पांढरा फ्रॉक घालून उभी होतीस आणि मला विचारलंस, "आई, संताला हात पूर्ण वर करता येत नाही का?" मी म्हटलं, "शिकतेय अजून ती."

फादर कालोजेरो चित्र बघून लालबुंद झाले. म्हणाले, "पेत्राने तिला पूर्ववत केलं, असं लिहिलंय!" मास्तर म्हणाले, "फादर, तुमचा पाय मोडला होता तो बरा झाला ना? मग पावसाळी हवेत लंगडता का?" पुष्कळ वाजलं दोघांचं. शेवटी फादर चित्रासमोर खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बसले आणि विचारलं, "ही बाई कोण ते विचारत नाही. जिवंत आहे?" मास्तर म्हणाले, "जिवंत? भांडते, शिवते, लसूण जास्त घालते." फादर उठले आणि म्हणाले, "मग लावा वर."

सणाच्या दिवशी पडदा काढला तेव्हा कुजबुज उठली. माझ्या मागून एक बाई म्हणाली, "शी! कुठल्या निलाजरीने कपडे उतरवले असतील, देव जाणे." तुझी आजी वळली. दवाखान्यातून आल्यावर मला न्हाऊ घालणारी तीच होती, तिला कळायला एक क्षण लागला नसेल. एवढंच म्हणाली, "समोर संत आहे, बये. गुडघे टेक." आणि ती बाई खरंच टेकली. आजीने मला त्याबद्दल मरेपर्यंत एक शब्द विचारला नाही.

मी तुझ्या बाबांकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं नव्हतं. वाटलं होतं, चेहरा दुसरीचा आहे, ओळखणार नाहीत. पण लहानपणी तुतीवरून पडून माझं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, ते वाकडं जुळलं. मास्तर हाडांच्या बाबतीत खोटं बोलत नसत. बाबा त्या हाडाकडे बघत राहिले, मग नजर खाली आली. आपल्या बायकोचा व्रण त्यांनी सगळ्या गावाबरोबर पहिल्यांदा पाहिला. घरी आल्यावर स्वयंपाकघरात टोपी काढली आणि म्हणाले, "त्याला दाखवलंस. मला का नाही?" मी म्हटलं, "ते हाडासारखं बघणार होते, ओराझिओ. तू माझ्याकडे बघणार होतास." ते टोपी फिरवत राहिले. म्हणाले, "मला वाटायचं अजून उघडी जखम आहे. हात लागला तर तुला दुखेल. म्हणून मी पलंगाच्या कडेला…" आणि तो एवढी मोठी बस चालवणारा माणूस लसणीच्या टोपलीशेजारी बसून लहान पोरासारखा रडला. त्या दुपारी आम्ही खिडक्या उघड्या ठेवल्या. तेवढंच सांगते, आई आहे मी तुझी.

आता हे आज का लिहिलं ते सांगते. मागच्या आठवड्यात मंगळवारी आमच्या जावयाचा, रुज्जेरोचा, फोन आला होता. त्याच्यावर चिडू नकोस, तू त्याला मना केलं होतंस हे तो आधी म्हणाला. तुझं ऑपरेशन होऊन महिना झाला, डावी बाजू, आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस. तू बंद दाराआड कपडे बदलतेस, तो बाहेरच्या खोलीत झोपतो आणि आत यायला विचारायची त्याला भीती वाटते. तो तक्रार करत नव्हता, पोरी. तो मला विचारत होता की त्याने काय करावं. मी म्हटलं, थांब, मी येते. शनिवारी सकाळी तुमच्या तोरिनोच्या स्टेशनवर उतरेन. तू मला काहीही दाखवायचं नाहीस, काही बोलायचं नाहीस. फक्त खोलीत दिवा लावून ठेव, ब्लाऊजची बटणं मी माझी काढीन. चाळीस वर्षांनी ते कसं दिसतं ते बघ. हात लावावासा वाटला तर लाव, दुखत नाही. एका ठिकाणी मात्र अजून गुदगुल्या होतात. कुठे, ते फक्त तुझ्या बाबांना ठाऊक आहे.

तुझीच,
आई