चार हजार आठशे एक

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आपल्या घरात शाळेत गेलेली पहिली मीच. त्यामुळे तुम्ही असतात तरी हे पत्र मलाच तुमच्यापुढे बसून वाचावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा निदान लिहून तरी बघते.

परवा आपल्या धाकट्याबरोबर कारंज्याला टायर घ्यायला गेले होते. तुम्ही गेलात तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आता तोही तुमच्यासारखी कामरगाव-कारंजा काळीपिवळी जीप चालवतो. पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेत. जवळ होतं तेवढ्यात कंपनीचे कोरे टायर बसत नव्हते. दुकानदारानं दोन जोड्या समोर टाकल्या. एक जोडी कधी रस्त्यावर उतरलेलीच नव्हती, नक्षी खोल, रंग काळाभोर, पण कित्येक वर्षं गोदामात पडून राहिलेली. दुसरी अलीकडची, पण पळालेली, नक्षी अर्धी झिजलेली. दोन्हींचा भाव एकच. धाकट्यानं लगेच पहिल्या जोडीवर हात ठेवला. "हे पाह्य तायडे, अर्धं बोट आत जाते." मी खाली बसले आणि टायरच्या कडेवरचा आकडा शोधायला लागले. "टायर हाय का पोराईची वही हाय वं, तपासाले?" असं तो म्हणाला आणि दुकानदार हसला. मी मात्र आकडा सापडेपर्यंत उठले नाही.

कारण तुम्हीही मला असंच खाली बसवलं होतं. मी चौथीत आहे, पावसाळा संपलाय, तुम्ही मला गाडीत पुढे बसवून टायर घ्यायला नेलंय. जवळच्या पैशांत दोन जुने टायर येत नाहीत, एकच येतो. ढिगातून दोन निघालेत, दिसायला अगदी सारखे. दुकानातला माणूस म्हणतो, "कोनताबी उचला. कवाचा हाय ते टायरवरच लिहेल असते," आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळतो. त्याला परत हाक मारून विचारणं तुम्हाला जमत नाही. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणता, "मास्तरीणबाई, वाचा बरं. नवा कोनता?" मी फ्रॉकच्या टोकानं धूळ पुसते. एकावर चार हजार आठशे एक. दुसऱ्यावर एक हजार एकशे सात. त्या आकड्यांचा अर्थ मला माहीत नाही. पण माहीत नाही असं मास्तरीणबाईंनी कसं म्हणायचं? शाळेत लहान-मोठी संख्या नुकतीच झालेली होती. मी मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हा."

त्या दिवशी तुम्ही मला दोन ग्लास उसाचा रस पाजलात. स्टँडवर कुणीतरी टोमणा मारला, "काहून गा, भंगारातून आनला का टायर?" तर तुम्ही म्हणालात, "भंगार नाई, माह्या पोरीनं नंबर वाचून घेतला. सांग वं, किती?" आणि मी सगळ्यांपुढे खणखणीत आवाजात आकडा सांगितला. दोनदा सांगायला लावलात. म्हणून तर तो विसरता येत नाही.

उन्हाळ्यात, भर दुपारी, गाडी रिकामी घेऊन येताना पुढचा डावा टायर फुटला, गाडी बाभळीवर आदळली आणि तुम्ही जागीच गेलात. लोक म्हणाले, ऊन फार होतं. कुणी म्हणालं, दगड असेल. ओढून आणलेली गाडी घराजवळ उभी होती तेव्हा मी एकटी तिथे गेले. फाटून लोंबणाऱ्या रबरावर तोच आकडा होता. मला तेव्हा एवढंच वाटलं, नवा टायर फुटला कसा?

त्याचं उत्तर मला बी.एड.ला असताना मिळालं. वाशिमला मैत्रिणीच्या स्कूटीचं पंक्चर काढताना तो माणूस सहज सांगत होता, "मॅडम, पहिले दोन आकडे आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. मागचे पाह्यचे." पंक्चर निघालं, मैत्रीण गाडी सुरू करून थांबली, आणि मी बाकावर बसून त्या दोन आकड्यांची फोड करत राहिले. दोन हजार सातचा टायर सोडून मी तुम्हाला दोन हजार एकचा दिला होता. पाच वर्षांहून जुनं रबर. दुसरा टायरही फुटला असता कदाचित. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. तेव्हापासून उभी गाडी दिसली की माझी नजर चाकाकडे जाते. शाळेच्या सहलीच्या गाडीत बसण्याआधी मी सहाही टायर वाचते. मुलांना वाटतं, बाईंचं काहीतरी हरवलंय.

परवा मी झिजलेली जोडी घ्यायला लावली. धाकटा चिडला. मी त्याला दुसऱ्या जोडीतला टायर दाबून नक्षीच्या तळाशी उमटलेल्या केसासारख्या भेगा दाखवल्या, आकडा फोडून समजावला, पाऊस लागण्याआधी ही जोडीही बदलायची असं कबूल करून घेतलं. त्यानं झिजलेली जोडी उचलली. मग म्हणाला, "तुले हे कोनं शिकोलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबानं."

"बाबाले वाचता येत होतं?"

"आकडे येत होते."

तो किती खूश झाला म्हणून सांगू. संध्याकाळपर्यंत स्टँडवर सगळ्यांना सांगून मोकळा, की आमच्या बाबाले टायरचा नंबर पाहूनच कळे. घरी जेवताना आईलाही सांगितलं. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याला भाकरी वाढली. तिला काय काय माहीत आहे, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

हे कुणाला दाखवणार नाही. धाकट्याला खरं सांगेन असंही लिहिणार होते, पण ते मला अजून नक्की म्हणता येत नाही. बाप हुशार होता हे त्याच्यापासून काढून घेववत नाही, हे एक कारण. दुसरं असं, की तुम्हाला आकडे येत होते असं मी म्हणाले तेव्हा तो फुटलेला टायर मी नाही, तुम्हीच बघून घेतला होता, असं झालं. क्षणभरच. पण तेवढ्यात मला हलकं वाटलं, बाबा.