मागच्या हाऊसची ढाल आणि माझ्या दोन खोल्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, आणि भाऊजींनाही तितकाच, दोघांत वाटून घ्यावा.

तुझा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तू नुसतं ‘ठीक’ लिहिलं होतंस, आणि तुझ्या ‘ठीक’चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं असेल तर चढू नकोस. गच्चीवर काय चाललंय हे बघायला दुसरं कुणीतरी जाऊ शकतं. भाऊजींचं निवृत्तीनंतरचं बागकाम कसं चाललंय? त्यांनी लावलेल्या त्या वेलीला काही धरलं, की वेल मुळात कसली आहे याचाच अजून शोध चालू आहे? इकडे मी खुशाल आहे. पाठीला थोडा मार बसलाय, पण बसता येतं. कसा बसला ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

मी या सत्रापासून मागच्या हाऊसचा हाऊसमास्तर झालो हे तुला कळवलंच होतं, आणि त्यावरचं तुझं उत्तरही मला पाठ आहे. (‘ज्याला स्वतःचा रुमाल सापडत नाही त्याच्या ताब्यात चाळीस पोरं देणारा मुख्याध्यापक मला एकदा बघायचाय.’) आमच्या शाळेत मुलांची राहण्याची चार हाऊस आहेत. तीन मैदानाकडे तोंड करून ऐटीत उभी आहेत, आणि चौथं, म्हणजे आमचं, धुलाईघराच्या पाठीमागे. दिवसभर खिडक्यांतून साबणाची वाफ आत येते, त्यामुळे मुलं स्वच्छ नसली तरी वास स्वच्छतेचा येतो. कागदोपत्री आमच्या हाऊसला कुणा देणगीदाराचं भारदस्त नाव आहे, पण सगळे ‘मागचं हाऊस’च म्हणतात, आणि स्पर्धांच्या निकालाच्या दिवशी ते नाव आम्हाला फारच शोभतं. खाली अभ्यासाची खोली आणि माझ्या दोन खोल्या. वर झोपण्याची लांबच लांब खोली, दोन्ही भिंतींना लोखंडी खाटा आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक ट्रंक. मुलाची सगळी मालमत्ता त्या ट्रंकेत मावली पाहिजे असा नियम आहे. नियम करणाऱ्यानं मूल कधी लांबूनही पाहिलेलं नसावं. (माझ्या मागे मुलं मला ‘कर्कटक’ म्हणतात. भूमिती शिकवतो म्हणून असेल, किंवा माझ्या चालण्यावरून. हे मला कळलंय हे मी त्यांना कळू दिलेलं नाही. माझा जो काही वचक आहे तो एवढाच.)

तर सत्राच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण वाईट बातमी देताना खिडकीबाहेर बघतात, आणि त्या दिवशी ते मी आल्यापासून खिडकीबाहेरच बघत होते. शाळेच्या मंडळानं ठरवलं होतं की मागच्या हाऊसला बरीच वर्षं एकही ढाल मिळालेली नाही, तेव्हा याही सत्रात मिळाली नाही तर हाऊस बंद करायचं आणि मुलं बाकीच्या तीन हाऊसांत वाटून टाकायची. मी ते जेवणाच्या टेबलावर मुलांना सांगितलं. मी दंग्याच्या तयारीत होतो. दंगा झाला नाही. कुणी कुणाच्या ताटातलं उचललंसुद्धा नाही, आणि तेव्हाच मला पहिल्यांदा काळजी वाटली. मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या सगळ्यांत धाकट्यानं विचारलं, “सर, आम्ही तीन ठिकाणी गेलो तर कासव कुणाकडे जाणार?”

आपल्या हाऊसमध्ये कासव आहे हे मला असं कळलं. (मुलांना प्राणी पाळायला सक्त मनाई आहे. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि मीठ मागितलं.) पण ताई, खरं सांगतो, तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. तोवर मला वाटत होतं की ही नसती जबाबदारी सत्रापुरती ओढायची आणि मग ग्रंथालयामागच्या माझ्या जुन्या खोलीत गुपचूप परत जायचं. त्या दिवसापासून माझ्या मनात ढालीशिवाय दुसरं काही राहिलं नाही.

आता आमचे पराक्रम ऐक. पहिली धावण्याची शर्यत. पळण्यात आमची मुलं कुणाला हार जायची नाहीत, कारण त्यांना रोजचा सराव आहे. आमचा कप्तान तर ताडमाड उंच आहे, सगळे त्याला ‘खांब’ म्हणतात. शेवटच्या वळणापर्यंत तो इतरांच्या कितीतरी पुढे होता. पण तिथे त्यानं सवयीनं मागे वळून पाहिलं, मागून क्रीडाशिक्षक शिट्टी फुंकत धावत येत होते, आणि खांब क्षणाचाही विचार न करता मैदान सोडून कुंपणावरून पलीकडे गेला. जेवणाच्या घंटेपर्यंत सापडला नाही. मग वक्तृत्वाची ढाल. तिथे आमचा ‘वकील’ होता, ज्याच्याशी वाद घालायला स्वयंपाकीसुद्धा कचरतो. विषय होता शिस्त हवी की मोकळीक, आणि आमची बाजू शिस्तीची. समोरचा मुलगा मोकळीकीवर असा काही रंगून बोलला की आमचा वकील उठला तो डोळे पुसतच, म्हणाला की माझ्या मित्राचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, त्यात मला थोडी भर घालायची आहे, आणि पुढचा सगळा वेळ त्यानं भर घातली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ढाल समोरच्यांना गेली. (त्याला मी रागावणार होतो, पण भाषण खरोखर चांगलं झालं होतं. शिस्तीबद्दल माझंही मत जरा डळमळीत झालं.)

राहता राहिली स्वच्छतेची ढाल. ती मिळवायचा विचार मागच्या हाऊसनं आजवर विनोदातही केला नव्हता. तपासणीला मंडळातल्या एक बाई येतात. मोठ्या रुग्णालयात त्या सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख होत्या, अजून पांढरे हातमोजे घालतात आणि खाटांखालून बोट फिरवतात. त्या येणार त्या दिवशी सकाळी माझे ओळीनं तास होते. खांब मला वाटेत गाठून म्हणाला, “सर, तुम्ही अजिबात काळजी करू नका, फक्त तुमच्या खोल्यांची किल्ली द्या.” का, तर विजेचा मुख्य खटका माझ्या खोलीत आहे आणि दिवे पुसायच्या आधी तो बंद करायला हवा. हे मला इतकं समंजसपणाचं वाटलं की मी किल्ली दिली आणि वर त्याची पाठही थोपटली.

दुपारी बाई आणि मुख्याध्यापक यांच्याबरोबर मी हाऊसमध्ये शिरलो आणि क्षणभर मला वाटलं की चुकून समोरच्या हाऊसमध्ये आलोय. फरशी आरशासारखी. वर चादरींना एक सुरकुती नाही, ट्रंका एका रेषेत (रेष मी डोळ्यांनी तपासली, खरोखर सरळ होती). बाईंनी खाटेखालून बोट फिरवलं, हातमोजा पाहिला, दुसऱ्या खाटेखालून फिरवलं, परत पाहिला. मग त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या की एवढ्या वर्षांत असं हाऊस पाहिलं नाही. मुलं भिंतीला टेकून रांगेत उभी होती, आणि मी माझी छाती पुढे काढून उभा होतो, जणू चादरी मीच ओढल्या होत्या.

जिना उतरल्यावर बाई म्हणाल्या, “आता हाऊसमास्तरांच्या खोल्या. त्याही हाऊसमध्येच धरतात.”

मी खुशाल पुढे झालो. माझ्या मागे खांबाच्या तोंडून एक बारीक आवाज आला, तो मला नंतर आठवला. माझ्या बाहेरच्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं. खांबानं परत आणून दिलेली किल्ली मी फिरवली, पण दार ओढायची गरज पडली नाही. ते आपणहून आलं, त्याच्या पाठोपाठ बाकी सगळं आलं, आणि मी उताणा पडलो. ताई, चाळीस पोरांनी जन्मभर जमवलेल्या वस्तू त्या दोन खोल्यांत छतापर्यंत रचल्या होत्या. एकेकटे बूट, मुठी तुटलेल्या बॅटी, गलोली, भोक पडलेलं तुतारीसारखं वाद्य, ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी आणि तिच्याबरोबर उपटून आलेली थोडी हिरवळ, कुठल्याशा न्हाणीघराचं अख्खं दार. आणि सगळ्यांत शेवटी, घाई न करता, कासव बाहेर आलं आणि माझ्या पोटावर येऊन थांबलं.

बाई म्हणाल्या, “हे सगळं कुणाचं आहे?”

मी जमिनीवरून मुलांकडे पाहिलं. एकानंही दुसऱ्याकडे बोट दाखवलं नाही. सगळ्यांत धाकटा फक्त कासवाकडे बघत होता. खांबानं एक पाऊल पुढे टाकायला घेतलं, आणि ते पाऊल पडायच्या आत मी म्हणालो, “माझं आहे.”

“सगळं?”

“सगळं.”

बाईंनी दोन बोटांत एक छोटासा बूट उचलला. “हा तुमचा?”

“लहानपणीचा.”

मग त्याहून थोडा मोठा, दुसऱ्याच रंगाचा. “आणि हा?”

“पाय वाढत होते, बाई.”

कासवाबद्दल विचारलं तेव्हा ते मी पाळलेलं आहे असं सांगितलं. (शिक्षकांना परवानगी आहे, त्यामुळे आता ते कासव कायदेशीर झालं.) इतक्यात मुख्याध्यापकांनी ढिगातून एक काळी छत्री ओढून काढली. चांदीच्या मुठीची, त्यांच्या नावाची, दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दालनातून नाहीशी झालेली. त्यांनी छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मुलांच्या रांगेकडे. मग ते सावकाश खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी मात्र मला सोडलं नाही. एवढं सगळं एका माणसानं कशासाठी जमवलं, असं त्यांनी सरळ विचारलं. मी पडल्या पडल्या एक उत्तर दिलं. त्यानं त्यांचं समाधान झालं, इतकंच नाही, तर त्यांनी मला हात देऊन उठवलं.

निकाल असा लागला की माझ्या खोल्यांचे गुण कापूनही स्वच्छतेची ढाल मागच्या हाऊसला, आणि शेऱ्यात लिहिलं की मुलांची शिस्त वाखाणण्याजोगी आहे, हाऊसमास्तरांकडे मात्र कुणीतरी लक्ष द्यायला हवं. जाताना मुख्याध्यापक माझ्याजवळ थांबले. छत्री काखेत मारून हळूच म्हणाले, “ही मी घेऊन जातो. तुमचं एवढ्यानं अडणार नाही ना?” हाऊस राहिलं, ताई.

संध्याकाळी खांब माझ्या दारात येऊन उभा राहिला. (दारातच, कारण आत जागा नव्हती.) म्हणाला, “सर, तुम्ही तुमचं म्हणून का सांगितलंत?”

“खोल्या माझ्या होत्या म्हणून.”

त्यानं विचार केला. “आम्ही आधी तुम्हाला विचारणार होतो. पण तुम्ही नाही म्हणाला असता.”

“हो, म्हणालो असतो.”

“म्हणून विचारलं नाही.”

मी आयुष्यभर भूमिती शिकवली, पण या सिद्धतेत मला चूक सापडली नाही. मग आम्ही अभ्यासाच्या खोलीत ढाल लावायला गेलो. ती तिरकी लागली आहे आणि तशीच राहील, कारण खिळा दुसऱ्यांदा ठोकायला भिंत तयार नाही. ढालीवर वर्षानुवर्षांची नावं कोरलेली आहेत, सगळी समोरच्या हाऊसांची, आणि तळाशी एक रिकामी जागा. पोरं कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत उभी होती. मीही होतो. जुन्या खोलीत परत जाण्याचं मी आता मनातून काढून टाकलंय.

बाकी सगळं क्षेम. गुडघ्याला जप, भाऊजींच्या वेलीला माझा आशीर्वाद, आणि तुझा राग मला पोचेल एवढ्या वेगानं पत्र लिही.

तुझा,
धाकटा

ता. क. बाईंना मी काय उत्तर दिलं ते वर लिहायचं राहून गेलं. माझी थोरली बहीण शाळकरी जीवनाचं एक संग्रहालय काढते आहे आणि मी तिच्यासाठी वस्तू जमवतोय, असं मी म्हणालो. त्या क्षणी मला तुझ्याशिवाय दुसरं कुणी आठवलंच नाही. लहानपणापासून अडचणीत आलो की तूच आठवतेस, याचं तुला कौतुक वाटायला हवं.

ता. क. दुसरा. बाई फारच भारावल्या आहेत. त्यांची भाची तुमच्याच गावात राहते, आणि येत्या रविवारी त्या संग्रहालय बघायला येतायत. पत्ता त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. तुला विशेष काही करायचं नाही, फक्त पुढच्या दोन खोल्या मोकळ्या करायच्या आणि संस्थापिकेसारखं दिसायचं. गुडघ्यामुळे बसूनच बोललीस तर ते जास्तच भारदस्त वाटेल.

ता. क. तिसरा. सामान टेम्पोनं आजच निघालं, म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा तो बहुधा दाराशी वळत असेल. भाऊजींना म्हणावं, घाबरू नका, कासव इथेच ठेवलंय. वस्तू मांडायला मदत म्हणून मुलं मात्र पाठवली आहेत, मुख्याध्यापकांनी शैक्षणिक सहल म्हणून परवानगी दिली. फक्त नऊ आहेत. तुझ्या खोल्यांची किल्ली त्यांना देऊ नकोस.