देव्हाऱ्यातलं कार्ड

फुलसावंगी,
मंगळवार, ता. २६ जून १९६२

तीर्थस्वरूप विठ्ठलराव भाऊजींच्या सेवेशी, धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. आपली पाठ आणि विमलताईचा खोकला यांची महादेवापाशी रोज आठवण काढतो. इकडे सर्व क्षेम असून तुमचा घनश्यामही खुशाल आहे.

इंदू मॅट्रिकला शास्त्रात गचकली म्हणून त्याला सुट्टीत शिकवायला ठेवून घेतलं, हे आपण जाणताच. ऑक्टोबरात पास झाली नाही तर शाळा बंद आणि सोयरीक, असं तिच्या आईनं बजावलं आहे. एम.एस्सी.चा विद्यार्थी भराभर शिकवील अशी माझी समजूत. पण हा गृहस्थ शिकवतच नाही! इंदूनं धडा वाचून आम्हां नवराबायकोला समजावायचा. आम्हाला पटला तर तिला आला, असा त्याचा कायदा. स्वतः भिंतीला टेकून शेंगा खातो. इंदूची आई चुलीपुढून ओरडते, "काहून रे घनश्याम, नापास ते झाली अन् अभ्यास मले?" (मी मात्र पन्नाशीला आल्यावर हवेला वजन असतं हे शिकलो, आणि फार बरं वाटलं.)

काल सोमवार. पिंडीवरच्या अभिषेकपात्रात मुंग्या पडतात म्हणून मी झाकण घट्ट बसवून कडेनं कणीक थापली. चार थेंब पडले आणि पाणी थांबलं. खालचं भोक काडीनं साफ केलं, तरी नाही. (पाप ठाऊक असलं की कारण शोधावं लागत नाही.) डोळे मिटून मोठ्यानं कबूल झालो, "देवा, भाऊजींचं कार्ड आठ दिवसांपासून तुह्याच आसनाखाली दडवलं. पोरगी पाहाले घनश्यामले वणीले धाडा म्हणतात. इंदूच्या परीक्षेपायी केलं, माफ कर." डोळे उघडतो तो टपटप सुरू!

समोर इंदू, हातात झाकण. "बाबा, वरून हवा आत गेल्याबिगर पाणी खाली कसं येईन? तुम्हीच तिची वाट बुजवली." तिच्यामागं उभ्या घनश्यामच्या हातची शेंग तशीच राहिली. हे पुस्तकात नव्हतं म्हणे. तिचं तिनंच ताडलं. इंदूच्या आईला मात्र ते पटेना. कबुलीनंच पाणी सुटलं, हा तिचा हेका.

आपला,
उकंडराव

ता.क. घनश्यामनं कार्ड वाचून पुन्हा आसनाखाली ठेवलं. मामीला पटेपर्यंत धडा अपुरा, आणि तोवर तो हलणार नाही. तरी मुलगी पाहणं दिवाळीवर ढकलावं, ही हात जोडून विनंती.

ता.क. दुसरा. रात्री इंदूची आई हळूच म्हणाली, "तेलाच्या डब्याले दोन भोकं काहून पाडतो मी? एवढं तं मले लग्नाआधीपासून ठाऊक हाय. पण पटलं म्हटलं असतं, तं घनश्याम आजच वणीले निघाला असता." हे देवाला सांगायचं नाही, असं तिनं बजावलं आहे, म्हणून आपणांस कळवीत आहे.