आजीचा कान
शुक्रवार, अनसिंग

दिवाळीनंतर ऊसतोडीले गेलेली सून कालच घरी आली. पण नात काही तिच्याजवळ झोपेना. पोरीले झोपताना माह्या कानाची पाळी हातात लागते. सुनेनं मोठ्या हौसेनं आपला कान पुढं केला, तं पोरगी म्हणते, “हा नाही, आजीचा पाह्यजे!”

सून हसली, पण डोये भरले तिचे. कानाची सवय लावलीच काहून मी? पण आईसाठी रडणाऱ्या लेकराले दुसरं काय देणार होती?

आज मी ओसरीवर जाऊन बसली. आत पोर रडून रडून आईजवळच निजली. सून बाहेर आली.

म्हटलं, “चार दिवस धनजले बहिणीकडं राहून येते.”

तिनं नाही म्हटलं नाही.