घासलेट पार्टीचा ताल

तांडापेठ, नागपूर
१४ डिसेंबर १९८६

प्रिय शालिकराम,

नमस्कार. अक्षर पाहून पत्र फाडू नको गा, आधी वाच. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे थंडीत दुखतातच. कळमेश्वरच्या कारखान्यात तुले पर्मनंट केलं म्हणे. ऐकून बरं वाटलं. वहिनीले नमस्कार सांग.

आपला बँड, घासलेट पार्टी, अजून जिवंत आहे. बेसवर रवींद्र, गिटारवर अन् बोंबलायले मी. पंक गाण्यांची पाचवी कॅसेट काढली. अजूनही दोन टेपरेकॉर्डर जोडून एकेक कॉपी करतो अन् सीताबर्डीच्या फुटपाथवर विकतो. परवा एका काकांनी विचारलं, "हे गाणं आहे का भांडण?" रवींद्र म्हणे, "काका, पंक आहे." काका म्हणे, "मग औषध घ्या." हे ऐकायले तू नव्हता, याचं फार वाईट वाटलं.

तू गेल्यावर तीन ड्रमवाले झाले. तिघंही भांडून गेले. तिघांचं म्हणणं एकच, हा जागेश्वर गाता गाता मधातच लय सोडते. मी त्यांनाच मूर्ख ठरवलं.

दिवाळीनंतर बाबांनी हातमाग बंद केला. मोतीबिंदू वाढला, धागा दिसत नाही. त्यानंतर समोरच्या खोलीत आम्ही प्रॅक्टिस केली तर माझं गाणं पहिल्यांदा नीट बसलं. काहून, ते समजेना. म्हणून आपली पहिली कॅसेट काढली, जिच्यावरून आपलं फाटलं तीच. आठवते ना? पातळाची घाई होती म्हणून बाबा पलीकडे विणतच होते, अन् आपण दाराले गोधडी टांगून रेकॉर्डिंग केलं होतं.

बाबा खाटेवर ऐकत पडले होते. एकदम उठून बसले. "अरे, हा तर माझा माग! लाल काठाचं पातळ होतं ते." मग कान देऊन म्हणाले, "पोरा, शालिक बरोबर वाजवून राहिला. तूच माझ्या धोट्याबरोबर गाऊन राहिला. लहानपणी त्याच आवाजावर झोपत होता ना तू."

मी चारदा लावली. तुझा ड्रम सरळ चालला आहे. गोधडीपलीकडून मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा खटखट करते अन् मी तुले सोडून त्याच्याबरोबर. आत्ताही ऐकताना माझा पाय धोट्याच्या ठेक्यावरच पडत होता!

अन् त्या गाण्यासाठी मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, माइक सुरू असताना, सगळ्या पोरांसमोर तुले बेताल म्हटलं. तू ड्रमच्या काड्या ठेवल्या अन् स्टेजवरून उतरला. तुझी आई मागं उभी होती. मी तिले पाहिलं होतं, तरी थांबलो नाही. लय चुकली ते नकळत. हे मात्र जाणूनबुजून केलं. आजवर कोणाले सांगितलं नव्हतं.

काल नंदनवनले तुझ्या आईकडे गेलो, सगळं सांगितलं. ती म्हणे, "हे मले काहून सांगते? त्याले लिही." तिनंच पत्ता दिला, वरून दोन भाकरी खाऊ घातल्या. तीन वर्षांनी जीव भांड्यात पडला गा. रात्री गाढ झोपलो.

पंचवीस जानेवारीले त्याच कॉलेजात आपला कार्यक्रम आहे. ड्रमवाला नाही. तुझ्या काड्या आमच्या कोनाड्यात आहेत, आई रोज पुसते. ये म्हणायचा हक्क मले नाही, पण ये. तू नाही आला तरी त्याच माइकवर तुझं नाव घेऊन सांगणार आहे, त्या दिवशी कोण चुकलं होतं ते.

तुझा बेताल,
जागेश्वर